हवेतला घड

"सर, तुमनं नाव खराब व्हयनं मन्हामुये," लोटननाना म्हणाले. जीभ जड झाली होती. एकेक शब्द ढकलत बाहेर काढावा लागत होता.

गिरधर खाटेजवळच्या खुर्चीत अवघडून बसला. नानांचा उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडला होता.

"माझं कसलं नाव, नाना. डॉक्टर काय म्हणाले?"

"रगतदाब जुनाच शे म्हने. कव्हय ना कव्हय व्हनारच व्हतं," नानांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, चहाची कपबशी खाटेवर ठेवत सांगितलं.

गिरधरला हायसं वाटलं आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

वरणगावच्या फॅक्टरीत असताना रजा काढून तो पुण्याच्या शिबिरात ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकला होता. तिथल्या शिक्षकांनी बजावलं होतं, आधी चीगाँग. निवांत उभं राहायचं, अंग सैल सोडायचं, श्वास मोकळा येऊ-जाऊ द्यायचा. ते मुरलं की मग ताई चीच्या हालचाली, नाहीतर नुसते हात हलतात. निवृत्तीनंतर जळगावात त्याने मैदानावर सकाळचा वर्ग सुरू केला, तेव्हा नुसतं उभं राहायला लोक कंटाळू लागले. म्हणून त्याने एक युक्ती काढली. "छातीशी केळीचा घड कवटाळलाय असं समजा." लोक हसले, पण हात बरोबर गोल झाले.

सगळ्यांत छान उभे राहायचे ते लोटननाना. चोपड्याकडे केळीच्या गाड्या भरण्यात त्यांचा जन्म गेला होता. मागच्या रांगेत ते खांबासारखे निश्चल असत. गिरधरने त्यांना दोनदा पुढे बोलावून सर्वांना दाखवलं होतं, "असं उभं राहता आलं पाहिजे."

पुढे शहरातल्या नव्या बागेच्या उद्घाटनाला वर्गाचं प्रात्यक्षिक ठरलं आणि गिरधरचं सगळं लक्ष पुढच्या रांगेच्या हातांकडे गेलं. नानांचा चेहरा लाल होतो हे त्याला दिसलं होतं. उन्हाने होत असेल, असं तो धरून चालला. कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर, नाना हात गोल धरलेलेच आडवे झाले.

"नाना, उभं राहताना चक्कर यायची का?"

"चक्कर नही. दम धरेल राहे."

"दम? श्वास रोखून? कशाला?"

नानांनी त्याच्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "घड उचलाना तर दम धरनाच पडस. नहीतं कंबर जास. तुम्हीनच सांगं ना, घड धरेल शे समजा. मी धरा."

"घरमा बी धरी उभा राहेत," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी म्हनू, गाडी कव्हय येई वं माय."

नाना वाकड्या तोंडाने हसले.

खाटेवरचा चहा निवला. तो लाल चेहरा उन्हाने नव्हता, रोखलेल्या श्वासाने होता, हे गिरधरला आत्ता कळलं. रक्तदाब जुनाच होता, हे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन थांबलं. ते खरंही होतं. ते बोलून उठून जाता आलं असतं.

"नाना," तो म्हणाला, "घड खाली ठेवा."

"आते?"

"आत्ताच. आणि ठेवताना श्वास सोडत जा. सगळा."

"हाई पहिले सांगं नही तुम्हीन."

"नाही सांगितलं."

नानांनी डावा हात वर आणला. उजवा गिरधरने खालून उचलला. तो अपेक्षेपेक्षा जड होता. दोन्ही हात छातीसमोर गोल झाले. धुरपदाबाईंनी काही न विचारता कपबशी उचलली आणि खाटेवर जागा केली.

नाना पुढे वाकले. फळाला डाग पडू नये म्हणून हमाल टेकवतो तसा, अलगद, त्यांनी तो घड गोधडीवर ठेवला.