ठोसेबाबा आणि चंद्रावतीची गाठ

धप्! बाबाची मूठ बाईच्या बरगड्यांखाली बसली आणि सुकापूरच्या मांडवातले दोन-तीनशे लोक एकसुरात ओरडले, “जय ठोसेबाबा!” चौघांनी बाईचे हातपाय दाबून धरले होते. सात ठोसे झाले. बाबाने तिच्या पोटाला तोंड लावून जोर काढला आणि ताटात रक्ताळलेला गोळा थुंकला. गाठ निघाली! बाईला उभंही राहता येत नव्हतं, पण तिकडे बघतो कोण? सगळ्यांचे डोळे ताटात.

“डाक्टर पोट फाडतो, मी गाठ ओढतो!” बाबा गरजला. “खोटं वाटतं? जा, रक्त तपासा! रिपोर्टात एक ठळक अक्षर निघालं तर मिशी उतरवीन!”

दिपिकाच्या अंगाची लाही लाही झाली. खांदा कॉलनीतल्या लॅबमध्ये ती रोज रक्तच तपासायची, आणि पुढचा नंबर तिच्या सख्ख्या आत्याचा होता. चंद्रावतीच्या लिव्हरमध्ये रक्तवाहिन्यांची गाठ होती. मोठी, पण कॅन्सरची नव्हे. “औषध नको, ऑपरेशन नको, फक्त पोटावर मार बसू देऊ नका,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आत्याचा मुलगा परेश तिला मार खायलाच घेऊन आला होता! शुक्रवारी तीन ठोसे झाले, एक गोळा निघाला. शनिवारी रक्त तपासलं, तर काहीच ठळक नाही. लोकांची रिपोर्ट वाचायची रीतच ती: बिघडलेला आकडा लॅब ठळक छापते, म्हणून ठळक तेवढंच शोधायचं, नसलं तर पेढे वाटायचे. आज मुळासकट उपटण्याचे सात ठोसे होते.

दिपिकाने परेशपुढे दोन कागद धरले. “हा कालचा. हा गेल्या महिन्यातला, बाबाचं नावही ठाऊक नव्हतं तेव्हाचा. बघ, तेव्हा तरी काय ठळक होतं? अशी साधी गाठ बहुतेक वेळा रक्तात दिसतच नाही. ती सोनोग्राफीत दिसते!”

“आयेची गाठ परवा गेली, आन तू आज आडवी येतंस?” परेशने तिच्या कानाखाली जाळ काढला. कागद चिखलात पडले.

मंचावर चंद्रावतीला आडवं केलं होतं. “आता बास रं, परेश... लय दुखतंय,” ती पुटपुटली. बाबा पाठमोरा होऊन पाणी प्याला आणि त्याने मूठ उगारली. दिपिका धावत जाऊन आत्यावर पालथी पडली. तो ठोसा तिच्या जबड्यावर बसला. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं.

“हे माणसाचं रक्त!” ती ओरडली. “शुक्रवारचा गोळा परेशने घरी फ्रिजमध्ये पूजायला ठेवलाय ना, त्यातला कण मी मायक्रोस्कोपखाली पाहिलाय. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत मधोमध ठिपका असतो, माणसाच्या पेशीत नसतो. तुमच्या गाठीत ठिपकेच ठिपके! काय बाबा, आत्याच्या पोटात कोंबडी होती?”

मघाशी गरजणारा बाबा आता नुसता डोळे वटारत होता.

“बोला की! मिशी उतरवणार होतात ना? की गाल भरलेत?”

परेश पुढे झाला. आईचा काळानिळा पडलेला कुशीचा भाग त्याला आत्ता दिसला. त्याने बाबाचा जबडा पकडून दाबला. पोटातून न ओढताच ताटात कोंबडीच्या कलेजीचा तुकडा पडला.

मग मांडव पेटला. खुर्च्या उडाल्या. ठोसे खाऊन पोटाला फडकी बांधलेल्या बायकांच्या नवऱ्यांनी बाबाला लाथांखाली घेतला, आणि मघाशी ‘जय’ म्हणणारेच ‘मारा’ म्हणू लागले. “सोडा त्याला, पोलिसांना द्या!” दिपिका रक्त थुंकत ओरडत होती. “जादूटोणाविरोधी कायदा आहे याला! मारूनच सगळं सुटतं, हे तर त्याचंच म्हणणं होतं!”

चंद्रावतीच्या गाठीतून थोडं रक्त पाझरलं होतं. चार दिवस दवाखान्यात काढून ती वाचली. गाठ होती तेवढीच, होती तिथेच. परेश पायाशी मान खाली घालून बसला होता.

“गाठ मना मारनार नव्हती, पोरा,” ती म्हणाली. “तू मारनार व्हतास.”

परेशने चिखलाने माखलेले ते दोन कागद खिशातून काढून दिपिकापुढे ठेवले. “शिकव मना,” तो म्हणाला.

सुजलेल्या ओठांनी दिपिकाने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वाचकहो, तुम्हीही तेवढंच करा. कुणी रिपोर्ट नाचवला, तर यात काय तपासलंय आणि काय तपासलेलंच नाही, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि बरगड्याही शाबूत राहतात.