साहेब कुणाच्या हातचं खातो

"चौथ्या दिवशी सकाळीही धनेशच?" बाईंनी वही नवऱ्यापुढे आपटली. "पहिल्या दिवशी धनेश, दुसऱ्या दिवशी धनेश. अहो, आपण बेटावर फिरायला चाललोय की पक्ष्यांकडे सोयरीक जमवायला?"

नवऱ्यानं, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदारांनी, चष्मा कपाळावर चढवला. "अगं, सकाळीच ते थव्यानं उडतात. पंखांचा आवाज म्हणे वाफेच्या इंजिनासारखा येतो. बावीस वर्षं धनेश सांभाळला मी, पण तो आवाज काही ऐकला नाही. आमच्या साहेबाला उडायला जागाच कुठे आहे?"

शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलले, की बाईंनी चौथी सकाळही निमूटपणे धनेशांना देऊन टाकली. मात्र कासवांचा किनारा, पोकळ ओंडके वाजवणाऱ्यांचं गाव, पाण्यातल्या खांबांवरची घरं आणि तीनशे पायऱ्यांचा धबधबा यांना त्यांनी हात लावू दिला नाही.

ही सहल नऊ वर्षं वहीतच होत होती. घरी पडदे शिवता शिवता बाई बेटाची माहिती गोळा करत आणि खडूनं माखलेल्या बोटांनी उतरवून घेत. दरवर्षी रजा मंजूर व्हायची आणि दरवर्षी ऐन वेळी माशी शिंकायची. माशीचं नाव साहेब. प्राणिसंग्रहालयातला हा भल्याथोरल्या पिवळ्या चोचीचा धनेश म्हणे रखवालदारांखेरीज कुणाच्याच हातचं खात नसे. "उपाशी मरेल गं बिचारा," असं रखवालदार कुरकुरत सांगत, पण सांगताना त्यांची छाती वीतभर फुगे. बावीस वर्षांत साहेबानं आपल्या चोचीतलं फळ त्यांना दोनदा देऊ केलं होतं. ते दोन्ही दिवस त्यांना तारीखवार पाठ होते. लग्नाची तारीख मात्र दरवेळी बाईंना सांगावी लागे.

यंदा बाईंचे गुडघे बोलायला लागले होते. यंदा नाही गेलो तर तीनशे पायऱ्या पुन्हा आपल्याच्यानं व्हायच्या नाहीत, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांनी सरळ अधीक्षकांना गाठलं. अधीक्षकांनी तोड काढली: रखवालदारांनी एक दिवस घरी बसायचं आणि हरणांकडच्या मावशींनी साहेबाला भरवून बघायचं. खाल्लं तर रजा, नाही तर नाही.

"त्या मावशी? त्यांच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही दिवसभर," रखवालदार म्हणाले. "साहेबाला शांतता लागते."

ठरल्या दिवशी त्यांनी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की शेवटी बाईच म्हणाल्या, "मी जाऊन बघून येते."

बाई तिकीट काढून चारचौघांसारख्या पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. मावशी पपईच्या फोडी घेऊन आत शिरल्या, त्या बोलतच. "काय रे बाबा, तुझा माणूस नाही आज. चालेल का मी?"

साहेबानं मान वाकडी केली. टुणकन खालच्या फांदीवर आला, फोड उचलली, हवेत उडवली आणि गट्ट केली. दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. मग चोचीच्या टोकाला एक फोड धरून त्यानं ती मावशींपुढे केली.

"अगं बाई! मला?" मावशी खळखळून हसल्या.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही. बेट डोळ्यांपुढे आलं, आणि लगेच नवऱ्याचा चेहरा आला. बावीस वर्षांत दोनदा, आणि इथे पहिल्याच दिवशी! त्यांना त्या पक्ष्याचा असा राग आला, की त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले. घरी परतताना त्या दोनदा बाकावर टेकल्या, आणि गुडघे हे त्याचं कारण नव्हतं.

रखवालदार दारातच उभे होते. "खाल्लं?"

त्या एका शब्दात दोन माणसं विचारत होती. एकाला बेटावर जायचं होतं, आणि दुसऱ्याला आपल्यावाचून कुणाचं तरी अडायला हवं होतं.

"आधी नाही खाल्लं," बाई म्हणाल्या. "पाठ फिरवून बसला. मग मावशींनी तुमचा तिथल्या खोलीतला जुना शर्ट अंगात घातला. तेव्हा कुठे आला."

"शर्ट?"

"वास आला असेल तुमचा."

पक्ष्यांना वास फारसा कळत नाही, हे रखवालदारांनीच बाईंना कितीदा सांगितलं होतं. आत्ता ते त्यांना आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. "मला ठाऊकच होतं," ते म्हणाले, आणि वळून उगाचच खिडकी पुसायला लागले.  या माणसाशी आपण आणखी शंभर वेळा खोटं बोलू, असं बाईंना वाटलं.

निघायच्या दिवशी स्टेशनवर जाण्याआधी रखवालदारांनी वाट वाकडी करून प्राणिसंग्रहालय गाठलं. हातात घडी घातलेला, मुद्दाम न धुतलेला गणवेशाचा शर्ट. बाई लगबगीनं त्यांच्या मागोमाग गेल्या. मावशींना या प्रकरणाची काडीमात्र कल्पना नव्हती.

"हा घ्या," रखवालदार म्हणाले. "त्या दिवशीचा जुना होता, त्याचा वास आठ दिवस टिकायचा नाही. रोज हाच घालून आत जा."

मावशींनी शर्टाकडे पाहिलं. रखवालदारांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यामागे बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले नाहीत एवढंच.

 मावशींनी शर्ट झटकला, आपल्या गणवेशावरून चढवला, लांब बाह्या दुमडल्या आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. "बरं झालं आणलात," त्या म्हणाल्या. "याच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं."

रखवालदार जाळीपाशी गेले. "आठ दिवस," ते साहेबाला म्हणाले. "मावशींना त्रास द्यायचा नाही." आणि मागे न बघता झपझप चालू लागले.

ऊन मी म्हणत होतं. फाटकापाशी पोचल्यावर बाईंनी वळून पाहिलं. मावशी पिंजऱ्याच्या दारात उभ्या होत्या, कपाळावरचा घाम पुसत. शर्टाचं एकही बटण त्यांनी काढलं नव्हतं.