नऊ वर्षे घेवडा सांभाळणारा घट

मित्रांनो, मला पाहून तुम्ही धान्याचे मडके समजाल. त्यात तुमचा दोष नाही, कारण माझ्या अंगाला अजून घेवड्याचा वास येतो. परंतु मी धान्यासाठी घडलो नाही. मी एका माणसासाठी घडलेला जुना घट आहे.

हैती देशाच्या वायव्य किनाऱ्यावर आमचे गाव आहे. आमच्याकडे मनुष्य मरण पावला की त्याचा आत्मा एक वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली वास करतो. तेथे अतिशय थंडी असते. मुदत भरली की घरच्यांनी त्याला नावाने हाक मारून वर काढावे आणि घटात बसवावे. मग तो देवळात घरच्यांजवळ राहतो. ज्याला कोणी हाक मारीत नाही, तो तसाच कुडकुडत राहतो.

मी घडलो त्या वर्षी गावातील पाच मृतांसाठी पाच घट एकाच भट्टीत भाजले गेले. त्यांपैकी मी ओदानेलसाठी होतो. ओदानेल हा फिलोमीजबाईंचा एकुलता एक पुत्र. बावीस वर्षांचा हा तरुण शिडाच्या होडीतून कामधंद्यासाठी परमुलखात निघाला. त्या होडीची केवळ एक निळी फळी किनाऱ्यास परत आली.

त्याची आत्या वेरोझी हिने आपल्या मृत नवऱ्याच्या घटाबरोबर मला घडवून घेतले होते. विधीच्या दिवशी आम्ही पाचही जण शुभ्र वस्त्र गुंडाळून रांगेत बसलो होतो. इतक्यात फिलोमीजबाई आल्या आणि त्यांनी मला रांगेतून उचलले.

"वहिनी, अगं काय करतेस? त्याची मुदत भरली."

"मुदत मेलेल्यांची भरते, वन्सं! माझा लेक परदेशी आहे. कामात असेल. तुम्ही तुमच्या नवऱ्याला खुशाल बोलवा, माझ्या पोराला इथे ओढू नका."

त्यांनी माझे वस्त्र फेडले, मला घरी नेले आणि माझ्यात काठोकाठ काळा घेवडा भरून चुलीशेजारी ठेवले. माझ्यात घेवडा आहे तोवर ओदानेल जिवंत आहे, असा जणू त्यांचा निश्चय होता. दर रविवारी त्या माझ्यातल्या घेवड्याचा भात रांधीत, मला पुन्हा काठोकाठ भरीत आणि लेकासाठी एक ताट झाकून ठेवीत. सोमवारी ते कोंबड्यांना घालीत. कोणी हटकले तर म्हणत, "होडीला उशीर होतो कधी कधी."

मित्रांनो, माझ्यात नऊ वर्षांत एक दाणाही किडला नाही. शेजारणी माझी वाखाणणी करीत. तथापि मी मनातून दुःखी होतो. माझी चार भावंडे देवळात मानाने बसली होती, त्यांच्यापुढे कॉफी ठेवली जात होती, आणि मी चुलीचा धूर खात होतो. मलाही माझा माणूस मिळावा, अशी मी रोज प्रार्थना करीत असे. त्या प्रार्थनेचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता.

नवव्या वर्षी नोव्हेंबरात मृतांचे दिवस आले. सारा गाव दफनभूमीत जमला. या दिवसांत मृतांचा स्वामी गेदे कोणाच्याही अंगात येतो. त्या वर्षी तो नेमका शांत स्वभावाच्या वेरोझीच्या अंगात आला. डोळ्यांवर एकाच काचेचा काळा चष्मा, गळ्यात जांभळा रुमाल, हाती काठी, अशा थाटात तो भर दुपारी आमच्या स्वयंपाकघरात शिरला. मागे हसणारी मंडळी होतीच.

"ए फिलोमीज!" तो नाकातून बोलला. "या मडक्यात कोण शिजतंय गं?"

"घेवडा आहे, बाबा. मूठभर घ्या नि निघा."

त्याने दाणे तोंडात टाकून कडाकड चावले. "शी! नऊ वर्षं झाली, अजून कच्चाच! तुझी चूल पेटते की नुसतीच लाजते?"

मंडळी खो-खो हसली. गेदेने मात्र चष्मा काढला. "घेवड्याला घर दिलंस," तो हळूच म्हणाला, "आणि पोराला?"

फिलोमीजबाईंनी पळी फेकली. त्याने ती वरच्या वर झेलली, कंबर हलवीत दोन गिरक्या घेतल्या आणि तो निघून गेला.  नंतर बाईंनी मला उचलून सारा घेवडा जमिनीवर ओतला.

आठवड्याने तो विधी झाला, आणि या वेळी फिलोमीजबाई मला घेऊन आल्या. पांढऱ्या चादरींची खोपी उभारली होती. आत पाण्याची पिंपे आणि पुजारीण सेलीमेन, बाहेर घरोघरची माणसे. प्रथम वृद्ध अनातोल यांचा घोगरा आवाज पाण्यातून आला, "माझं गाढव कुणी विकलं रे?"

"विकलं नाही आजोबा, मेलं ते!" नातू ओरडला.

"मग इथे कसं दिसलं नाही? लबाड कुठला!"

सर्व हसले. फिलोमीजबाईसुद्धा हसल्या.

मग पुजारिणीने ओदानेलला हाक मारली. उत्तर आले नाही. दुसरी हाक झाली. पाणीही हलले नाही. तिसऱ्या हाकेनंतरही शांतता राहिली, तेव्हा फिलोमीजबाई ताडकन उठल्या. त्यांचा चेहरा एकाएकी तरुण दिसू लागला. "बघा! नाही तो तिथे! मी सांगत नव्हते?"

"आई."

पाण्यातून ओदानेलचा आवाज आला.

"उशीर केलास, आई. कोणी माझं नाव घेतं का, ते मी ऐकत होतो."

"रोज घेत होते रे, बाळा! दर रविवारी ताट वाढून घेत होते!"

"घरात घेतलंस. पाण्यावर नाही घेतलंस." आवाज क्षीण झाला. "फार थंडी वाजते गं."

त्यानंतर त्याला माझ्यात बसवण्यात आले. माझी इच्छा पूर्ण झाली, आणि मित्रांनो, मला तिची लाज वाटली. त्या माउलीने मला छातीशी धरले तेव्हा तिचे हृदय माझ्या मातीवर आदळत होते. नऊ वर्षे तिने माया केली, आणि त्याच मायेने लेकाला पाण्यात ठेवले, हे तिला एका क्षणात कळले होते.

तुम्हांस माझी एवढीच विनंती आहे. जे परत येणार नाहीत, त्यांना आशेपोटी वाटेत उभे ठेवू नका. रडा, पण त्यांना वेळेवर हाक मारा.

आता मी देवळात भावंडांशेजारी असतो. फिलोमीजबाई दररोज सकाळी येतात, मला अंगणातील उन्हात ठेवतात आणि सर्व बाजूंनी सारखे ऊन लागावे म्हणून हळूहळू फिरवतात. मी तापलो की गाल टेकवून विचारतात, "अजून वाजते का रे थंडी?"

मी मातीचा आहे. ऊन मला लागते. ते त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही, हे मला त्यांना सांगता येत नाही.