जोह्याची लाल कुत्री

रेबीजची लस टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर लाल रंगाचा फवारा मारायचा, अशी पशुवैद्यकीय पथकाची पद्धत होती. पद्धत उत्तम होती. फक्त पथक आलं होतं जोह्यात, जिथे घरटी एक गणपतीचा कारखाना आणि प्रत्येक कारखान्यात मूर्तींच्या फळीखाली झोपलेलं एक कुत्रं.

"इथलं काम आधीच कुणी तरी करून गेलंय," गावात एक चक्कर मारून डॉक्टर समाधानाने म्हणाले आणि जीपकडे वळले.

हे ऐकताच नूतन हातातला रंगाचा स्प्रे टाकून कारखान्याबाहेर आली. गेल्याच आठवड्यात हमरापुरात एक पिसाळलेलं कुत्रं दोन शेळ्यांना चावलं होतं. तिचा कुत्रा सुलतान रोज हमरापूरलाच जायचा. प्रेमप्रकरण होतं. सासूने, धोंडुबाईने, निकाल देऊन टाकला होता, "आज याला सुई लागली नाय, तर उद्या खाडीपल्याड सोडायचा. घरात लहान पोर हाय."

नूतन जीपच्या आडवी गेली. "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला टोचा."

"टोचलंय की. पाठ बघा त्याची."

"तो बाप्पाच्या शेल्याचा रंग हाय! मी स्प्रे मारत व्हते, हा मधे कडमडला."

"ताई, लाल म्हणजे झालेलं. नियम आहे."

नूतनने वाद घातला नाही. तिने घरातून कोंबडा आणला. शेपूट लाल. मग बकरी आणली. एक कान लाल. शेवटी हाताला धरून धोंडुबाईला आणलं. मूर्तींखालून वाकून जाताना तिचा अर्धा अंबाडा लाल झाला होता.

"यांना कधी टोचलीत, तेवढं सांगा."

"काय गो, मला जनावरांत धरतेस?" धोंडुबाई कडाडली.

डॉक्टरांनी धोंडुबाईकडे पाहिलं. चावण्याचा धोका तिथेच जास्त वाटत होता.

"पेटी उतरवा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "सगळा गाव पहिल्यापासून. एखाद्याला दुसऱ्यांदा लागली तर बिघडत नाही. एखादा राहिला तर बिघडतं."

पेणहून येणाऱ्या प्रत्येक एसटीवर धावून जाणारा सुलतान सुई बघून धोंडुबाईच्या लुगड्यामागे लपला. तिने त्याला गुडघ्यांत आवळला. "गप रं. मुंगी चावल्यागत हाय."

टोचून झालं.

"आता दरवर्षी टोचायची," डॉक्टर म्हणाले.

"दरवर्षी? म्हंजे तोवर यानं आमच्याकडंच ऱ्हायचं?"

"मग कुठे राहणार?"

"ऐकलंस गो?" सुलतानचा कान खाजवत धोंडुबाई नूतनवर करवादली. "सरकारी मानूस सांगतोय. आता माझा काय इलाज हाय?"