पक्ष्यांचं पाणी

त्याने फ्रिजमागचा ट्रे ओढून काढला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिला. कोरडा. कुंड्यांखालच्या बशा कोरड्या, टाकीचं झाकण घट्ट, कूलर तर कधीचा माळ्यावर. तरीही आत्ताच हातावर बसलेला डास त्याने चापटीने चिरडला होता. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसाढवळ्या चावणारा. याच डासाच्या अळ्या शोधत लोकांच्या घरोघरी फिरायचं, ही त्याची नोकरी होती.

आतल्या खोलीत त्याची लेक पडून होती, डेंग्यूतून उठून कालच दवाखान्यातून आलेली. हाच ताप पुन्हा आला तर फार जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सापडलं का?" आईने विचारलं.

"डोंबल सापडलं! लोकांकडे दहा मिनिटांत सापडतं, इथे सकाळपासून डोकं फुटायची वेळ आलीय."

"मागचं गटार बघ की."

"किती वेळा सांगू, आई? याला घाण चालत नाही. तुझ्यासारखं स्वच्छच पाणी लागतं."

आई तांब्या घेऊन रोजच्यासारखी गॅलरीत गेली आणि पक्ष्यांच्या पसरट दगडी भांड्यात पाणी ओतू लागली. बाबा गेल्यापासून हे काम तिचं. रोजचं ताजं पाणी, म्हणून ते भांडं त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. आज तो बघत राहिला. आईने आधीचं पाणी ओतून टाकलं नाही, नुसती वरून धार धरली.

त्याने बॅटरी मारली. शेपटीची टोकं पाण्याच्या वर, डोकी खाली, अशा अळ्या लटकत होत्या. उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या.

"हे कधी रिकामंच करत नाहीस तू?" त्याचा आवाज चढला. "बाबांना जाऊन वर्ष होत आलं, आई! एवढी साधी गोष्ट..."

"ते त्यांनी भरलेलं होतं," आई म्हणाली. "मी नुसती भर घालते."

लोकांच्या घरी असं भांडं तो न विचारता उपडं करायचा, वर चार शब्द सुनावायचा. आता त्याने दोन्ही हातांनी काठ धरला, पण उचलवेना. राग कुणावर काढावा तेही कळेना.

आतून लेकीने हाक मारली.

आईने त्याचे हात बाजूला केले. भांडं कलतं करून सगळं पाणी तिने तापलेल्या फरशीवर ओतलं. अळ्या थोडा वेळ तडफडल्या.

"झालं?"

तो भांड्याच्या आत, पाण्याची पातळी असायची तिथली काळसर रेघ बघत होता. अंडी तिथेच चिकटतात, सुकली तरी मरत नाहीत.

"घासावंही लागेल ना?" आईने विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग तेवढं तू कर," ती म्हणाली आणि नातीकडे गेली.