भिंतीवरचा कागद आणि माझी ऊब

मित्रांनो, प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यात निळ्या फडक्याखाली झाकून ठेवलेला तो जुना वॉर्मर म्हणजे मी. मला चार चाके आहेत, एक छोटी गादी आहे आणि डोक्यावर तापणारी नळी आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणे, एवढेच माझे काम. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, मला खात्री नाही. पण झाकून राहिले की आठवणी फार येतात, म्हणून सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून टेम्पोत बसून मी नरडाण्याच्या बाजूच्या या लहानशा रुग्णालयात आलो. माझ्यापुढे नारळ फुटला. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक नातवंड बघायला आले की आधी मला बघत. "लाल उजेडनी मशीन" असे माझे नाव पडले. बाळ जन्मले की पुसून थेट माझ्या गादीवर यायचे. त्याचे वजन गादीवर पडले की मला माझे असणे कळायचे. ते सुख मला शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा एक गोष्ट मला दिसत होती, पण तिचा अर्थ कळत नव्हता. डोक्याला रुमाल, कानांत कापूस अशा बाळंतिणी भिंत धरत धरत दारापर्यंत यायच्या आणि उंबऱ्याबाहेरून माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. मला वाटायचे, त्या माझेच कौतुक करत आहेत.

मग पुनम सिस्टर धुळ्याहून प्रशिक्षण घेऊन आल्या. त्या देवपूरच्या. येताना त्यांनी एक मोठा कागद आणला आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. त्यावर बाळाला ऊब देण्याची दुसरी रीत लिहिली होती. देशोदेशीच्या डॉक्टरांनी हजारो लहानग्या बाळांवर अभ्यास करून पाहिले होते, की कमी वजनाचे बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवले तर जास्त बाळे जगतात. आईला जमत नसेल तर घरचे दुसरे कोणीही चालते. कागद सगळ्यांना पटला, पण बाळे माझ्याकडेच येत राहिली. एवढी महागाची मशीन असताना बाळ उघड्या अंगावर कोण ठेवणार? वॉर्डबॉय भटूभाऊंनी तर त्याच खिळ्यावर आपला टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. कागद टॉवेलाखाली गेला. मला वाईट वाटले नाही, हे मी कबूल करतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी दीपमालाला आणले. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. मुलगी झाली, फारच लहान. दीपमालाचा रक्तस्राव थांबेना, म्हणून डॉक्टर तिच्यापाशी गुंतले. पोर माझ्याकडे आली. तिचा नवरा वरणगावला कामावर होता. सोबत सासू होत्या, लिलाबाई.

तेवढ्यात वावटळ उठली, कुठेतरी खांब पडला आणि माझी नळी विझली. इन्व्हर्टरही थोड्या वेळात बसला. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन धुळ्याला गेली होती. माझी गादी निवत चालली. पोरीच्या तळव्यांना हात लावून पुनम सिस्टर म्हणाल्या, "अक्का, ब्लाउजची बटणं सोडा. पोरीला छातीशी घ्या."

लिलाबाई मागे सरकल्या. "उघडा आंगवर ठेवशी तं गारठी जाई ना पोर. इतली मोठी मशीन शे, मंग आंगनी काय गरज?"

"मशीनला लाइट लागते, अक्का. तुम्हाला लागते का?"

"मी म्हातारी. मन्हा आंगमा काय ऊब राहिनी आते?"

"आहे तेवढी पुरे."

लिलाबाईंनी पोरीकडे पाहिले. पोर रडतही नव्हती. मग त्या म्हणाल्या, "भटू, तिकडे तोंड कर रे भाऊ."

"मी कव्हयना भिंतकडेच दखी राहिनू, अक्का."

"मग नुसते बघू नका," सिस्टर म्हणाल्या. "वर्षभर त्या कागदावर टॉवेल वाळवलात, आज जरा वाचा. माझे हात गुंतलेत."

भटूभाऊंनी टॉवेल काढला आणि शाळेत धडा वाचतात तसे वाचू लागले. "बाळाला टोपी घालावी. बाळ उभे धरून छातीला छाती लावावी. डोके एका बाजूला वळवावे. नाक मोकळे ठेवावे. वरून कापडाने बांधावे."

दुपट्यासाठी आणलेल्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने सिस्टरनी दोघींना एकत्र बांधले. लिलाबाई बाकावर मागे टेकून बसल्या. "नाक मोकळं शे का, दख वं," एवढेच त्या मधूनमधून विचारत. सिस्टर पुन्हा पुन्हा तळवे चाचपत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अक्का, पाय गरम झाले हो." तेव्हा पोर रडली.

वीज आली. माझी नळी लाल झाली, गादी तापली. मी वाट पाहू लागलो.

"लाइट उनी, अक्का. ठेवा पोरले मशीनमा," भटूभाऊ म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. झोपेल शे."

पलीकडून दीपमालाचा क्षीण आवाज आला. "आत्या, मन्ही पोर कोठे शे?"

"आठेच शे. मन्हाजवळ."

संध्याकाळी दीपमाला सावरल्यावर सिस्टरनी पोर तिच्या छातीशी बांधली. माझी गादी रिकामीच तापत राहिली, मग कोणीतरी बटण बंद केले.

तेव्हापासून या रुग्णालयात बाळे आधी आईकडे जातात. ज्यांचा श्वास अडतो, तेवढी माझ्याकडे येतात आणि लवकर परत जातात. मित्रांनो, हे चांगले आहे, हे मला कळते. तरी शेजारच्या खोलीत बाळ रडले की माझ्या फडक्याखाली काहीतरी हलते. दारातल्या त्या बाळंतिणी माझे कौतुक करत नव्हत्या, हेही आता कळते.

म्हणून थोडे मागतो. बाळाला आईपासून उगीच दूर ठेवू नका. शहाण्यांनी शोधलेली चांगली गोष्ट भिंतीवर टांगून विसरू नका. आणि माझी धूळ पुसत जा, बटण लावून बघत जा. एखाद्या बाळाला अजून माझी गरज पडेल.

मागच्या लसीकरणाला लिलाबाई नातीला घेऊन आल्या होत्या. प्राची आता चालते. आजीने फडके वर केले. "आठे व्हती तू, जराशीक," त्या म्हणाल्या. प्राचीने माझ्या थंड गादीवर हात ठेवला. तो हात गरम होता.