पाळणेबाबांची चोखणी

शहागंजच्या घड्याळाखाली एवढी गर्दी सुभेदारसाहेबांची स्वारी आली तरी जमली नसती. तान्ही पोरं काखेला मारून बाया उभ्या होत्या आणि पोरांनी भोकाड पसरलं होतं. तात्यासाहेब वाण्यांच्या दुकानाच्या ओट्यावर पाळणेबाबा बसले होते. गळ्यात हिंदूंचे रुद्राक्ष, हातात मुसलमानांची जपमाळ, तसबी. कुठलंच गिऱ्हाईक हातचं जायला नको!

“लाव लेकराच्या तोंडाला,” बाबांनी एका बाईच्या हाती लाकडी चोखणी दिली. “आत मंतरलेलं पाणी हाय. आता घड्याळाभवती शंभर फेरे घाल. एक जरी चुकला तं माझ्या नावानं वरडू नको!”

चोखणी तोंडात जाताच पोर गप्प झालं आणि फेरे संपता संपता गाढ झोपी गेलं. लोकांनी बाबांच्या नावाचा पुकारा केला.

गर्दीच्या कडेला चांदपाशा खरादी उभा होता. लाकडाची खेळणी घडवण्यात त्याचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता, आणि बाबांच्या चोखण्याही त्याच्याच हातच्या. बाबांनी सांगितल्या तशा त्यानं घडवल्या होत्या : आतून पोकळ, टोकाला सुईएवढं भोक, मागं लाखेचं बूच. कशाला, हे त्यानं विचारलं नव्हतं. आपल्या कामाला लोक डोक्यावर घेताहेत, एवढंच बघायला तो रोज इथं यायचा. घरी जाऊन बोलायला तरी कोण होतं?

त्याच्या बायकोला, कमरुन्निसाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ झालंच नाही. शहरभरच्या पोरांना भिंगऱ्या पुरवणाऱ्याच्या घरात भिंगरी फिरवणारं कुणी नव्हतं. भिंतीपलीकडं मात्र सारजा राहायची. नवरा पुंजाराम दिवसभर गिरणीत, आणि ती घरी सुताच्या कांड्या भरायची. तिची चार महिन्यांची गंगू दिवेलागणीला रडायला लागली की चांदपाशा अलीकडून भिंतीवर टकटक करायचा. “काय झालं गं माझ्या मैनेला?” त्याचं दिवसभरातलं बोलणं ते एवढंच. लोक हसतील म्हणून हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

“पोरीला नजर लागलीय, चाचा. हातातलं काम व्हत नाय,” सारजा एकदा म्हणाली. त्यानं हौसेनं बाबांकडून भरलेली चोखणी आणून दिली.

तीन दिवस पलीकडं सगळं शांत होतं. सारजाचं काम झपाट्यानं होऊ लागलं. चांदपाशाला मात्र घर खायला उठायचं. चौथ्या दिवशी दुपारी सारजाची हाक आली.

“पाशाचाचा! गंगू दूध पीत नाय. डोळंच उघडंना!”

पोरीचे ओठ निळे पडले होते. तिला छातीशी धरून चांदपाशा धावत सुटला, सारजा मागोमाग. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या पापण्या उचलून बघितल्या.

“हिला अफू कुणी पाजली?”

“अफू? नाय व दाक्तरसाब,” सारजा रडत म्हणाली. “बाबाची चोखणी तेवढी दिली.”

सुईएवढं भोक कशाला, ते चांदपाशाला आता कळलं.

दुसऱ्या दिवशी तो लाकूड तासायची पटाशी घेऊन थेट ओट्यावर चढला. टोपलीतली एक चोखणी उचलली आणि सगळ्यांदेखत फोडली. आतून तपकिरी चिकट पाणी गळालं. ओट्याच्या पायरीवर म्हातारा फकिरा बसलेला असायचा. अफूच्या गोळीशिवाय त्याची सकाळ होत नसे. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले.

“अफूच हाय की! वर गूळ. बाबा, मला बी एक भरून द्या.”

लोक हसले. चांदपाशा हसला नाही.

“बायांनो, गुळानं लेकरू गप्प व्हतं. अफू चढायला टाइम लागतो, म्हून हे शंभर फेरे. मंतर बिंतर काय नाय. ही झोप नव्हं, हे जहर हाय!”

गर्दी खवळली. कोतवालीचे अमीन शिपाई घेऊन धावत आले. बाबांची भाषा आता भलतीच नरम झाली होती. “मी फकस्त दुवा देतो, साहेब. माल तात्यासाहेबांच्या दुकानातून येतो.”

“मी नुसता ओटा दिला,” तात्यासाहेब ओरडले. “चोखण्या ह्या खराद्याच्या!”

“मग कुणाचं नाव लिहू?” अमीन वैतागले.

“तिघांचं लिवा,” चांदपाशा म्हणाला. “माझं पयलं. भोक मी पाडलं. आत काय भरणार, ते इचारलं नाय.”

जबाब देऊन कोतवालीतून सुटायला संध्याकाळ झाली. तो दवाखान्यात पोचला तेव्हा गंगू शुद्धीवर आली होती आणि आईला बिलगून दूध पीत होती. चांदपाशानं हात पुढं केला. सारजानं पोरीला पदराखाली घेतलं आणि ती मागं सरकली.

“बाबाचं मला काय बी वाटत नाय, चाचा,” ती हळूच म्हणाली. “चोखणी तुमच्या हातची व्हती. म्हून मी आत काय हाय ते इचारलं नाय.”

चांदपाशाचा हात तसाच राहिला. शहागंजातल्या चार-पाच बाया लेकरं दाखवायला आपापल्या चोखण्या घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. तो त्यांच्याकडं वळला.

“रडणाऱ्या लेकराला भूक असंल, पोटात दुखत असंल, ते बघा. दाक्तरला दाखवा. आन् त्याच्या तोंडात जाईल त्या चिजंबद्दल इचारा. इकणाऱ्याला इचारा, बनवणाऱ्याला इचारा. त्यो घरचा असला, रोजच्या वळखीचा असला, तरी इचारा. सारजानं मला इचाराया पायजे व्हतं. त्याच्या आधी मी सोताला इचाराया पायजे व्हतं.”